गिझरवर आयएसआय आहे, पण भिंतीत अर्थिंग आहे का?

थंडीची चाहूल लागली की पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, गिझरची विचारपूस सुरू होते. "आयएसआय आहे ना?" "आहे हो." झालं, पिशवी उचलली. शिक्क्याच्या वर-खाली काय छापलंय ते कोणी वाचत नाही.

वर मानकाचा क्रमांक असतो. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेची मालिका आयएस ३०२. तिच्या भाग २ मधला विभाग २१ साठवणीच्या गिझरचा, ३५ इन्स्टंटचा, ३ इस्त्रीचा. खाली सीएम/एल आणि पुढे आकडे, तो परवाना क्रमांक. आयएसआय देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनी, वस्तू आणि परवाना चालू आहे की नाही ते कळतं. नुसता क्रमांक सापडून भागत नाही, वस्तूही जुळली पाहिजे. एक्स्टेंशन बोर्डात हीच गफलत होते: शिक्का असतो वायरीवर, आयएस ६९४ चा, आणि विकला जातो अख्खा बोर्ड. प्लग-सॉकेटचं मानक वेगळं, आयएस १२९३.

स्टार लेबल वीजबचतीचं आहे, शॉकशी त्याचा संबंध नाही. सीईचा शिक्का ही युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाची घोषणा, ती आयएसआयच्या जागी चालत नाही.

आता भिंतीकडे. गिझर हे वर्ग १ चं उपकरण, म्हणजे इन्शुलेशन फुटलं तर प्रवाह अर्थच्या वायरीने निघून जाईल हे गृहीत धरूनच ते बनवलेलं असतं. चाचणीत अर्थ टर्मिनल आणि टाकीचा धातू यांच्यातला रोध ०.१ ओहमच्या आत लागतो. ही सगळी काळजी कारखान्यात घेतली जाते आणि पेठेतल्या जुन्या वाड्यात गिझर दोन वायरींच्या लाइनवर लागतो. सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थच्या भोकात काहीच जोडलेलं नसतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे न्यूट्रलचा जंपर असतो, न्यूट्रलपासून अर्थच्या भोकाला जोडलेला वायरीचा तुकडा.

जंपर वाईट का? मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गिझरच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात, नळापर्यंत. शिवाय जंपर आरसीसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) पुढे, घराच्या बाजूला असेल तर गळतीचा प्रवाह न्यूट्रलनेच परत जातो, जाणारा-येणारा हिशोब बरोबर जुळतो आणि आरसीसीबी गप्प बसतो. टेस्ट बटण दाबलं की मात्र तो व्यवस्थित पडतो, कारण त्या बटणाला अर्थिंगची गरजच नसते. बटण महिन्यातून एकदा दाबा, पण त्यावरून अर्थिंगची खात्री धरू नका.

मल्टिमीटरने बघा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यावेत. त्याच सर्किटवर लोड चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ मोजा. एखाद-दोन व्होल्ट येणं स्वाभाविक आहे. लोड असूनही काटेकोर शून्य आलं तर मेन बंद करून वायरमनकडून सॉकेटची प्लेट उघडून घ्या, जंपरचा संशय धरायचा. पाच-दहा व्होल्ट किंवा जास्त आले तर अर्थिंग किंवा न्यूट्रलचा जोड ढिला असण्याची शक्यता.

लोडचं गणित सोपं आहे. दोन किलोवॅट भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर, तीन किलोवॅटच्या इन्स्टंटला १३. दोन्हींना १६ अँपिअरचं सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि मेनपासून स्वतंत्र लाइन. सहा अँपिअरच्या सॉकेटात कन्व्हर्जन प्लग खुपसला की आतली पत्ती तापून ढिली पडते, ढिली पडली की आणखी तापते. प्लास्टिकचा वास येतो तो तेव्हाच. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्या, पण ओव्हरलोडसाठी एमसीबी वेगळा लागतोच. हे दोन्ही एकच समजणारे वायरमनही आहेत!

टँकर-बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत एलिमेंटवर क्षार बसतो, उष्णता पाण्यात जात नाही आणि थर्मल कट-आउट (जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच) पडतो. कट-आउट वारंवार पडला तर एलिमेंट काढून साफ करायचा. काही जण कट-आउटच शॉर्ट करून "दुरुस्त" करून देतात. असा माणूस पुन्हा बोलवू नये. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब गळणं बिघाड नव्हे, फुगलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. त्या तोंडाला बूच मारू नका, बारीक नळी लावून ती मोरीत सोडा.