कनाल दु मिदी, दुसरा टप्पा: कास्तेलनोदारी ते त्रेब

कनाल दु मिदी हा दक्षिण फ्रान्समधला जुना कालवा. मागच्या टप्प्यात नावेने तुलूझहून निघून नोरुझची खिंड ओलांडली होती. यंदा वसंतात कास्तेलनोदारीहून पुढचा उतार धरला. त्रेबपर्यंतचं अंतर पन्नास किलोमीटरच्या थोडं वर. कालव्यावर वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, त्यात वाटेत लॉकच लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद. सकाळी नाव चालवायची आणि दुपारनंतर गावाच्या काठाला लावून पायी भटकायचं, असा नेम या वेळी ठेवला. नदी-कालव्यांवर फिरणाऱ्या सगळ्यांना मी हाच नेम सुचवेन. दिवसभर नाव हाकली की गावं नुसती डोळ्यांसमोरून सरकत राहतात.

सुरुवातीलाच सॅं-रोकची लॉकची उतरंड लागते, एकाला एक जोडलेले चार हौद. उतरताना दोर खुंट्याला गाठ मारून बांधायचा नाही. नुसता वळसा द्यायचा, टोक हातात धरायचं आणि पाणी खाली जाईल तसा सोडत राहायचा. गाठ मारली तर पाणी खाली जातं आणि नाव दोराला लोंबकळते. पुढे एक जण, मागे एक जण, दोघांचंही लक्ष दोरावर, आणि फेंडर, म्हणजे नाव भिंतीला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या, आधीच बाहेर सोडलेले. चार हौद संपेपर्यंत आमच्या हातांना लय सापडली होती. जेवणाच्या वेळी लॉक सुमारे तासभर बंद असतात, म्हणून आम्हीही तेव्हाच काठाला लागून जेवायचो.

या लॉकचा आकार मला फार आवडतो. दरवाज्यांपाशी रुंदी सुमारे 6 मीटर, मधोमध मात्र जवळजवळ 11. बांधकामाच्या सुरुवातीला सरळ भिंतींचा एक लॉक कोसळला. त्यानंतर हा कालवा बांधणाऱ्या पिएर-पॉल रिकेने भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला, म्हणजे मागच्या मातीचा दाब कमानीसारखा पेलला जातो. हा माणूस इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा अधिकारी होता. त्याची खरी करामत पाण्याची आहे. नोरुझ 189 मीटर उंचीवर, कालव्याचा सर्वांत उंच बिंदू. तिथे पाणी नसेल तर कालवाच नाही. म्हणून त्याने मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे वळवले, सॅं-फेरेओलचं धरण बांधलं आणि ते पाणी चरातून नोरुझला आणलं. तिथून ते दोन्ही उतारांना वाटलं जातं. काम 1666 मध्ये सुरू झालं, कालवा 1681 मध्ये खुला झाला. रिके त्याच्या आदल्या वर्षीच गेला. या टप्प्यात प्रत्येक लॉक रिकामा होताना मला त्या डोंगरातल्या ओढ्यांची आठवण होत होती.

कास्तेलनोदारीला सोमवारी बाजार भरतो. हे कासुलेचं, म्हणजे पांढऱ्या घेवड्याच्या बियांच्या रश्श्याचं गाव, पण त्यात बदक आणि सॉसेज असतं, आम्ही शाकाहारी. बाजारातून लोरागे भागातली तीच पांढरी बी घेतली, रात्री भिजत घातली आणि नावेतल्या छोट्या शेगडीवर गोड्या मसाल्याची उसळ केली. बी अखंड राहते आणि आत लोण्यासारखी मऊ होते.

कार्कासोनला किल्ल्याइतकाच वेळ खालच्या गावाला द्या. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी प्लास कार्नोत भाजीबाजार असतो. रिकेच्या काळी कालवा या गावाला वळसा घालून गेला होता, कारण गावाने खर्चाचा वाटा उचलायला नकार दिला. गावातून जाणारा आजचा मार्ग 1810 मध्ये खुला झाला.

एक गोष्ट मन लावून पाळा: काठावरच्या प्लेनच्या (चिनारच्या जातीच्या) झाडांना दोर बांधू नका. 2006 मध्ये इथे या झाडांवर एका बुरशीचा रोग आढळला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. दोराने साल घासली की त्या जखमेतून रोग आत शिरतो. काठावर खुंट ठोकून नाव बांधावी. काही पट्ट्यांत दोन्ही काठ उघडे आहेत, नवी लावलेली रोपं अजून सावली देण्याएवढी झालेली नाहीत. तिथून जाताना वाईट वाटलं. त्या झाडांच्या मुळांनी काठ धरून ठेवले होते, सावलीने पाणी राखलं होतं.

त्रेबच्या तीन हौदांच्या लॉकजवळ नाव परत दिली. पुढचा टप्पा आर्जांहून बेझिएकडे: 54 किलोमीटर एकही लॉक नाही, वाटेत ले सोमायचा जुना कमानीचा पूल आणि मालपाचा बोगदा, शेवटी फोंसेरानची लॉकची उतरंड. सप्टेंबर मनात आहे, द्राक्षतोडणीच्या दिवसांत. त्या पट्ट्यात रात्री नाव लावायला शांत काठ कोणाला ठाऊक असेल तर नक्की सांगा.