यामागाताचा इमोनी
सप्टेंबरमध्ये जपानच्या यामागाता शहरात मामिगासाकी नदीकाठी इमोनीचा, म्हणजे अळकुड्या-मांसाच्या रश्श्याचा उत्सव भरतो. कढई साडेसहा मीटर व्यासाची. ढवळायला चक्क जेसीबीसारखं यंत्र, त्याचं वंगणही खाण्यायोग्य! इथे गोमांस आणि सोया सॉस. त्याच प्रांतात शोनाईकडे मात्र डुकराचं मांस आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट.

घरी चौघांसाठी अर्धा किलो अळकुड्या, 200 ग्रॅम मांसाचे पातळ काप, लिटरभर पाणी आणि कोन्याकू, म्हणजे सुरणाच्या भावंडाची वडी. अळकुड्या कोरड्या हातांनी सोला, नाहीतर खाज सुटते. कोन्याकू सुरीने कापू नका, हाताने तोडा. खडबडीत कडांना रस धरतो. मांसाचा फेस काढला नाही तर रस्सा गढूळ होतो. जाड पातीचा कांदा अगदी शेवटी. उरलेल्या रश्श्यात करी पावडर आणि उदोन नूडल्स घालतात. खरं तर तोच भाग सरस.