सगळेच तिरंदाज झाले तो दिवस

आमच्या व्हिडिओ गेममध्ये क्लास, म्हणजे पात्रांचे ठरलेले पेशे, ठेवायचे की नाहीत, यावरून कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत बरेच दिवस वाद धुमसत होता. गेम फँटसी आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचा. जादू, गडकोट, घाटवाटा आणि चौघांची टोळी. निम्मी टीम म्हणायची, खेळणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवावं: ढालकरी, तिरंदाज, मांत्रिक की वैद्य. उरलेली म्हणायची, हे साचे हवेतच कशाला? जो जे करील त्यात तो तयार होईल. शेवटी दोन्ही बिल्ड, म्हणजे गेमच्या खेळता येतील अशा दोन आवृत्त्या, तयार केले, पेठांतली कॉलेजची पोरंपोरी बोलावली आणि एकाच शनिवारी दोन्ही खेळायला दिले.

सकाळी बिनक्लासचं बिल्ड लावलं. नियम साधा: तलवार चालवा, तलवारीचं कौशल्य वाढेल, दबकत चाला, दबकणं वाढेल. २०११ च्या स्कायरिम या गेममध्ये अशी १८ कौशल्यं आहेत आणि सुरुवातीला क्लास निवडावाच लागत नाही. पहिला तासभर खोलीत नुसती धमाल. कुणी मंत्र टाकून गवत पेटवतंय, एक पोरगा ढाल पुढे धरून दिसेल त्याच्या अंगावर धावतोय. बिनक्लासवाले खूश, आणि पोरांकडे बघून मलाही बरं वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत सेव्ह फाइल, म्हणजे प्रत्येकाच्या खेळाच्या नोंदी, उघडल्या. जवळजवळ सगळ्यांची वरची दोन कौशल्यं तीच: धनुष्य आणि दबकणं. ढालवाल्या पोराचीसुद्धा! स्कायरिम खेळलेल्यांना हे नवीन नाही, तिथला लपून बाण मारणारा तिरंदाज जगभर प्रसिद्ध आहे. तिथे न दिसता मारलेल्या बाणाने दुप्पट इजा होते, दबकण्यातलं एक पर्क, म्हणजे जास्तीचं कसब, घेतलं की तिप्पट. आमचाही हिशेब साधारण तोच होता. लांबून, न दिसता मारण्यात धोका सगळ्यांत कमी आणि इजा सगळ्यांत जास्त असेल, तर माणूस दुसरं काही कशाला करील? वाट्टेल ते करायची मुभा होती, पण काही सोडावं लागत नव्हतं, म्हणून सगळे एकाच ठिकाणी पोचले. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या हजारोंनी मिळून खेळायच्या गेममध्येही क्लास नव्हते, पण कौशल्यांची एकूण बेरीज ७०० वर अडवलेली होती. एकेक कौशल्य १०० पर्यंत नेलं तर सातच पूर्ण होणार. तिथे लोहारकीत मुरायचं तर दुसरं काहीतरी सोडावं लागे, आणि म्हणून लोहाराकडे जायला लोकांना कारण असे.

मला खटकलं ते वेगळंच. सकाळभर एकानेही शेजारच्याच्या स्क्रीनकडे मान वळवली नव्हती.

दुपारी क्लासवालं बिल्ड, चौघाचौघांच्या टोळ्या करून. पहिल्या पुलावरच आवाज चढले. "आरं मागं थांब लगा, म्होरं मी हाय न्हवं!" "वैद्य कुठाय? मेलो मी!" "मांत्रिकाला झाका आधी!" सकाळी मुकाट खेळणारी हीच पोरं. क्लास यासाठीच जन्माला आले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा आरपीजी १९७४ मध्ये आला तेव्हा त्यात तीनच क्लास होते, लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. चोर पुढच्या वर्षी पुरवणीतून आला. प्रत्येकात काहीतरी कमी ठेवलेलं होतं, कारण टेबलाभोवती माणसं बसणार होती आणि त्यांना एकमेकांची गरज पडायला हवी होती.

क्लासचा पक्ष जिंकला असं मी मनात धरून चालले होते. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनवर एक मुलगी अडली. ती उशिरा आली, बाकीचे क्लास गेलेले, म्हणून वैद्य तिच्या वाट्याला आला होता. टोळीतले तिघं पडले, पुलावर ती एकटी, समोर दोन गनीम आणि पायाशी दांडपट्टा पडलेला. तिने उचलायचं बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली: हे शस्त्र तुमच्या क्लासला वापरता येत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"ताई, मला पट्टा येतो की. खराखुरा. मर्दानी खेळ शिकले मी शिवाजी पेठेत."

मग तिनेच सांगितलं. "आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी कुणालाच नाही विचारलं, तू कोण होणार म्हणून. सगळ्यांच्या हातात आधी लाठी. कोण कसा वळतो, कुणाचं मनगट कसंय, ते बघत राहिले, आणि मग म्हणाले, तू पट्टा घे, तू विटा घे, दोरीचा भाला. तुमचा गेम तर उंबऱ्यातच विचारतो."

आमच्या वादात इतके दिवस कुणी हे बोललं नव्हतं. क्लास असावा, पण तो खेळणाऱ्याला विचारायचा कधी? ज्याने अजून एक वारही केलेला नाही, त्याला आपण मांत्रिक आहोत की ढालकरी हे कसं कळणार? २००६ च्या ऑब्लिव्हियन या गेममध्ये याचं एक उत्तर आहे. तुरुंगाखालच्या भुयारात आधी हवं तसं खेळू देतात, आणि मग बॉरस नावाचा अंगरक्षक तुमची चाल बघून क्लास सुचवतो. तो घ्या, नाहीतर २१ तयार क्लासमधून दुसरा निवडा, किंवा स्वतःचा बनवा. आणि निवड चुकली तर? २००० च्या डायब्लो दोन या गेममध्ये कौशल्यांना एकदा दिलेले गुण परत घ्यायची सोय थेट २०१० च्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या सुधारणेत, आली. २०२३ च्या बाल्डर्स गेट तीन या गेममध्ये १२ क्लास आहेत, पण तळावरचं विदर्स नावाचं पात्र १०० मोहरा घेऊन हवा तेव्हा क्लास बदलून देतं.

संध्याकाळी पोरं गेल्यावर आम्ही फळ्यासमोर बसलो. आता आमच्या गेममध्ये सगळ्यांच्या हातात आधी लाठीच येते. पहिला घाट उतरेपर्यंत क्लास नाही. पायथ्याच्या तालमीतला वस्ताद तुमचं खेळणं बघून एक वाट सुचवतो, ती नाकारताही येते. एकदा घेतली की बाकीची दारं बंद. पडलेला पट्टा मात्र आता कुणीही उचलू शकतो. क्लास वेगळा असेल तर वार कच्चा बसतो, इतकंच.

क्लास बदलण्यावर अजून एकमत नाही. आमच्या प्रोग्रॅमरला विदर्ससारखी मोहरा मोजून बदलायची सोय हवी आहे. मी अडून बसले आहे. क्लास सोडायचा तर त्याच वस्तादाकडे परत जावं लागेल, आणि जुन्या वाटेवरची शेवटची दोन कौशल्यं तिथेच ठेवून यावी लागतील.