मधेच अडकणाऱ्या डीव्हीडी: काम कुठवर आलंय

कपाटातली प्रत्येक डिस्क कॉम्प्युटरवर नीट चालली पाहिजे, हा हट्ट अजून सुटलेला नाही. मशीन म्हणजे विंडोज १० चा डेस्कटॉप आणि यूएसबीवर चालणारा पातळ ड्राइव्ह. प्लेअर व्हीएलसी. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय मूळ विंडोजमध्ये येतच नाही, त्यामुळे "डिस्क घातली, पण काहीच होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं व्हीएलसी टाकल्यावरच भागतं.

खरी कटकट अडकण्याची. त्यात मी आता आधी एकच गोष्ट बघतो: डिस्क दर वेळी त्याच प्रसंगाला अडकते, की वेगवेगळ्या ठिकाणी?

ठिकाण बदलत असेल तर डिस्क उगाच पुसत बसू नका. माझ्याकडे ड्राइव्हच मधूनमधून गायब व्हायचा आणि 'टुडुंग' करून परत यायचा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमधून काढून मागच्या पोर्टला लावला, मधली एक्स्टेन्शन केबल काढली, प्रकार थांबला. यूएसबी २.० च्या पोर्टने नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात. डिस्क वेग घेत असताना मोटरला त्याहून जास्त लागू शकतात. काही ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची केबल येते ती त्यासाठीच.

ठिकाण तेच असेल तर डिस्कवर संशय. माझी एक ८.५ जीबीची ड्युअल लेयर डिस्क बरोबर मध्यंतराच्या सुमारास थिजायची. चित्रपटांच्या अशा डिस्कवर लेझर साधारणपणे पहिला थर आतून बाहेर वाचत जातो आणि कडेला पोचला की दुसरा थर बाहेरून आत. म्हणजे चित्रपटाचा मध्य येतो डिस्कच्या कडेजवळ, आणि आपण डिस्क धरतो तीही कडेलाच! ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तर अंगठ्याचा तेलकट ठसा स्वच्छ दिसला. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसायचं नाही, कारण ट्रॅकच्या (डेटा ज्या गोल रेघेत लिहिलेला असतो तिच्या) दिशेने ओरखडा गेला तर सलग डेटा जातो. आडवा ओरखडा एरर करेक्शन (तुटलेला डेटा भरून काढायची सोय) बऱ्यापैकी निभावून नेतं. आता त्या जागी निमिषभर थबकते. थर बदलताना तेवढं चालायचंच.

लेबलच्या बाजूला चरा दिसला म्हणून डिस्क फेकू नका. सीडीत डेटा लेबलच्या लगेच खाली असतो, डीव्हीडीत मात्र ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे.

किरकोळ कामं उरकली. हालचालीत कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात तेव्हा व्हीएलसीत 'डी' दाबून डीइंटरलेस चालू करायचं. चित्र आहे पण आवाज नाही, तर ऑडिओच्या सेटिंगमधला पासथ्रू (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवायचा पर्याय) बंद करून बघा. मेनूतच गाडी अडली तर 'ओपन डिस्क'मध्ये 'नो डिस्क मेनूज'वर टिक.

अमेरिकेहून आलेल्या रिजन १ च्या डिस्क तूर्त बाजूला ठेवल्यात. रिजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा आकडा. आपला रिजन ५, आणि ड्राइव्हचा रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो. नंतर तो शेवटच्या रिजनवर कायमचा अडकतो. विंडोज नव्याने टाकून काही उपयोग नाही, ती मोजणी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये (ड्राइव्हच्या आतल्याच सॉफ्टवेअरमध्ये) असते. एखादा जुना लॅपटॉपचा ड्राइव्ह मिळाला की तो फक्त रिजन १ साठी ठेवणार. चालत्या ड्राइव्हवर हा प्रयोग करायला माझं मन धजत नाही.

राहिली एक घरगुती डिस्क, टीव्हीला जोडायच्या रेकॉर्डरवर लिहिलेली. मागच्या बाजूला लिहिलेला भाग वेगळ्या रंगाचा दिसतो, पण विंडोज ती कोरी म्हणून दाखवतं. म्हणजे फायनलाइझ करायची, म्हणजे इतर मशीनवर वाचता यावी म्हणून शेवटी बंद करायची, राहिलेली दिसतेय. ते मुळात त्याच रेकॉर्डरवर करायचं असतं, आणि रेकॉर्डर कधीच भंगारात गेला. आता आयसोबस्टर या डिस्कमधला डेटा बाहेर काढणाऱ्या प्रोग्रॅमने वाचून बघणार आहे. कुणी अशा डिस्कवर ते वापरलं असेल तर कितपत हाती लागलं ते कळवा.