तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पिकअपचं कुठलं किट खऱ्या गाडीशी जुळतं?

ठाणे-नवी मुंबईतल्या मॉडेलच्या हौशी मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो. १९५० च्या आसपासच्या अमेरिकन पिकअपची इतकी किट्स (प्लॅस्टिकचे सुटे पार्ट जोडून करायची छोटी मॉडेल) बाजारात दिसतात, कधी एकाच ट्रकची दोन-दोन कंपन्यांची. त्यातलं खऱ्या गाडीच्या जवळचं कुठलं, आणि एकाचे पार्ट दुसऱ्यात बसतात का?

माझं उत्तर: केबिन बघून किट निवडा. इंजिन, चाकं, सीट, हौदा, पुढची जाळी हे सगळं बदलता येतं, उसनं आणता येतं, प्लॅस्टिकच्या पट्टीतून नव्याने करता येतं. छताचा उतार, पुढच्या काचेचा कल आणि दरवाजाच्या खिडकीची उंची मात्र साच्यात चुकली की चुकलीच. छत बसकं असलं तर रंगाचे दहा हात मारूनही ट्रक ओळखीचा वाटत नाही.

हे आधीच ठरवणं आपल्याकडे जास्त गरजेचं आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क ६० वरून ७० टक्के झालं. परदेशातून मागवलेल्या किटवर शुल्क आणि टपालखर्च धरला, तर दोन किट्स मागवून त्यातून एक चांगलं करायचं ही अमेरिकेतल्या हौशी लोकांची सवय ठाण्यात बसून परवडत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून स्प्रूचे, म्हणजे सुटे पार्ट जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीचे, फोटो मागा. खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका, खोक्यावरच्या सालावरही जाऊ नका. ते साल पुष्कळदा त्या खोक्याच्या छपाईचं असतं. आतला साचा साठच्या दशकातला असू शकतो, कारण जुने साचे नवं खोकं आणि नवी डिकल्स (चिकटवायची चित्रं-अक्षरं) घेऊन पुन्हा पुन्हा बाजारात येतात.

आता मापं. अमेरिकन किट्स बहुतेक १/२५ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी. एएमटी या किट कंपनीचं १९५० चं शेवरोले ३१०० किंवा रेव्हेलचं १९५० चं फोर्ड एफ-१ त्याच प्रमाणात आहे. मोनोग्राम या आणखी एका कंपनीच्या जुन्या साच्यांपैकी पुष्कळ १/२४ चे. १/२५ मध्ये हिशोब फार सोपा होतो, कारण खऱ्या गाडीचा एक इंच मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर येतो. म्हणजे इंचाचा आकडा तोच मिलिमीटरचा आकडा धरला तरी कच्च्या तपासणीला चालतं. १/२४ मध्ये तोच इंच १.०५८ मिलिमीटर होतो.

शेवरोले ३१०० चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ११६ इंच, म्हणजे १/२५ मध्ये ११७.९ मिलिमीटर आणि १/२४ मध्ये १२२.८. फोर्ड एफ-१ चा ११४ इंच: ११५.८ आणि १२०.७. १९५३ ला तिच्या जागी एफ-१०० आली तेव्हा व्हीलबेस ११० इंचांवर आला: १११.८ आणि ११६.४. इथे एक मोठी फसगत होते. १/२५ ची एफ-१ आणि १/२४ ची एफ-१०० यांच्या व्हीलबेसमध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. सुटी, खोकं नसलेली चासी (गाडीचा खालचा सांगाडा) हातात आली आणि नुसता व्हीलबेस मोजला, तर चुकीच्या निष्कर्षावर जाल. म्हणून दुसरं माप घ्याच. साडेसहा फुटी हौद्याची आतली लांबी ७८ इंच: १/२५ मध्ये ७९.२, १/२४ मध्ये ८२.६ मिलिमीटर. हा तीन मिलिमीटरहून जास्त फरक साध्या पट्टीवरही दिसतो. ६.००-१६ चा टायर बाहेरून साधारण २८ इंचांचा, म्हणजे १/२५ मध्ये साडेअठ्ठावीस मिलिमीटरच्या आत-बाहेर. रिमचं माप घेऊ नका. १६ इंच हे टायर बसतो त्या जागेचं माप आहे, डोळ्यांना दिसणारी कड त्याहून मोठी असते.

केबिन तपासायची तर खऱ्या ट्रकचा अगदी बाजूने घेतलेला फोटो शोधा. तो लांबून, झूम करून काढलेला हवा. जवळून काढलेल्या फोटोत जवळचा भाग फुगतो, कडा मागे पळतात आणि तुम्ही चांगल्या किटला नावं ठेवाल. ओळखायची खूण अशी: फोटोत पलीकडचं चाक अलीकडच्या चाकामागे जवळजवळ पूर्ण लपलं असेल तर फोटो कामाचा. १/२५ ची शेवरोले असेल तर तो फोटो असा छापा की दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर कागदावर बरोबर ११७.९ मिलिमीटर येईल. छपाईच्या दुकानात ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करायला सांगा, नाहीतर सगळी मेहनत वाया. मग केबिन त्या कागदावर आडवी ठेवून पाच ठिकाणं बघा: छताचा सर्वांत उंच बिंदू, काचेचा खालचा कोपरा, दरवाजाची मागची फट, खिडकीची खालची रेघ, आणि फूटबोर्डापासून छतापर्यंतची उंची. एका ठिकाणी मिलिमीटरभर फरक असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. छत आणि खिडकी दोन्ही एकाच दिशेने चुकत असतील तर ते किट नको.

साल ओळखणं हा वेगळा आणि मला सर्वांत आवडणारा भाग आहे, कारण किट्समध्ये सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. शेवरोलेची १९४७ ते ५३ ची पुढची काच मधे पट्टी असलेली, दोन तुकड्यांची. १९५४ ला ती एकसंध वक्र काच झाली आणि जाळीही बदलली. दरवाजाच्या खिडकीतली छोटी तिकोनी फिरती काच १९५१ पासूनची. बटण दाबून उघडणारी दरवाजाची मूठ १९५२ ची. पेट्रोलची टाकी १९४९ ला सीटमागे केबिनमध्ये आली आणि टाकीचं तोंड केबिनच्या उजव्या मागच्या कोपऱ्यावर दिसू लागलं. खोक्यावर १९५० लिहिलंय आणि केबिनवर तिकोनी काचेची चौकट कोरलेली आहे, तर ती चौकट घासून काढा किंवा ट्रकला १९५१ चा म्हणा. दुसरा मार्ग सोपा आणि तितकाच प्रामाणिक. केबिनच्या मागच्या कोपऱ्यातल्या जादा काचा मात्र मूळ गाडीवर ऐच्छिक होत्या, त्यामुळे त्या असल्या काय, नसल्या काय, किटची चूक धरू नका.

फोर्डमध्ये १९४८ ते ५० ची जाळी आडव्या पट्ट्यांची. १९५१-५२ ला एक रुंद आडवी दांडी आली, तिला मधे तीन जाड आधार आणि दोन टोकांना हेडलाइट. १९५६ ची पुढची काच बाजूंना वळलेली आहे, तशी काच त्या पिढीत फक्त त्याच वर्षी आली. १९५३ ची केबिन घेऊन त्यावर १९५६ चं नाव लावणं, किंवा उलट, कुठल्याही जाळीने झाकता येत नाही.

बोनेट उघडा. फोर्डचं फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह वर नसून सिलिंडरच्या बाजूला असलेलं) व्ही-८ इंजिन अमेरिकेत १९५३ ला शेवटचं आलं. १९५४ पासून त्याच २३९ घनइंचांचं, पण व्हॉल्व्ह वर असलेलं इंजिन बसलं. फ्लॅटहेडची हेडं सपाट, बोल्टांनी भरलेली, स्पार्क प्लग वरून दिसणारे. नव्या इंजिनाला दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह कव्हरची लांबट झाकणं. स्प्रूच्या फोटोतसुद्धा हा फरक लगेच कळतो. शेवरोलेत १९५३ पर्यंत अर्ध्या टनी ट्रकला २१६ घनइंचांचं सहा सिलिंडर इंजिन, १९५४ पासून २३५ चं. इथे झाकणाचे स्क्रू मोजा: २१६ च्या झाकणाला माथ्यावर मधोमध दोन, १९५४ च्या २३५ ला कडेला चार.

आता चासी उलटी करा. हा भाग पुष्कळ जण बघतच नाहीत, आणि खरं-खोटं इथेच उघडं पडतं. १९५० च्या शेवरोलेचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, उघडा नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत तो एका जाड बंद नळीत आहे. उघडा शाफ्ट १९५५ ला आला. किटमध्ये बारीक शाफ्ट आणि मागच्या टोकाला उघडा जॉइंट दिला असेल तर तो कापून योग्य जाडीची गोल प्लॅस्टिक नळी बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि मॉडेल एकदम वेगळ्या पातळीवर जातं. चाकांचे नटही मोजा. शेवरोले ३१०० ला सहा, फोर्ड एफ-१ ला पाच. हबकॅप (चाकाच्या मधलं झाकण) लावणार असाल तर प्रश्न मिटतो. पुढचा अ‍ॅक्सल दोन्ही गाड्यांना सरळ, स्प्रिंगच्या पाट्यांवर बसलेला. साठच्या दशकातल्या बऱ्याच साच्यांत मात्र लोखंडी तार थेट इंजिनाच्या भोकातून आरपार जाते. ती काढून स्वतंत्र अ‍ॅक्सल केलात तर चाकांची उंची पुन्हा तपासा, नाहीतर एक चाक हवेत राहतं.

एका किटचे पार्ट दुसऱ्यात बसतात का? १/२४ आणि १/२५ मध्ये चार टक्क्यांचा फरक. तीस इंची इंजिन म्हटलं तर सव्वा मिलिमीटर. तो बोनेटखाली लपतो, म्हणून इंजिन, सीट, स्टिअरिंग, बॅटरी, रेडिएटर बिनधास्त घ्या. टायर घेताना चारही एकाच किटचे घ्या. केबिन, काच, दरवाजा, मडगार्ड आणि हौदा यांची अदलाबदल करू नका, तिथे चार टक्के म्हणजे फट. थ्री-डी प्रिंटची फाइल १/२४ ची असेल तर १/२५ साठी ९६ टक्क्यांवर छापायला सांगा. उलट करायचं तर १०४.१७ टक्के. रेझिनमध्ये (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये) ओतलेला पार्ट थोडा आकसतो, आणि कॉपीची कॉपी असेल तर आणखी. म्हणून तो मोजल्याशिवाय चिकटवू नका. हौदा रेझिनचा आणि फाळका (हौद्याचं मागचं झाकण) किटमधला, असं केलं की फाळक्याच्या दोन्ही बाजूंना केसाएवढी फट हमखास राहते.

जाडी हा प्रत्येक किटचा दोष आहे, महागातल्या किटचासुद्धा. काच एक मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या गाडीत ती २५ मिलिमीटरची झाली. पाव मिलिमीटरची पारदर्शक शीट कापून लावली की ती सहा मिलिमीटरच्या हिशोबात येते, आणि शेवरोलेची दोन तुकड्यांची सपाट काच असेल तर हे काम अगदी सोपं आहे. १९५४ ची वक्र काच मात्र किटमधलीच ठेवा, तिच्या कडा फक्त घासून पातळ करा. हौद्याच्या भिंतीही अशाच जाड. पूर्ण भिंत पातळ करायच्या फंदात पडू नका. वरची कड आतल्या बाजूने ४०० च्या वॉटर पेपरने तिरकी घासा, मग ८०० ने गुळगुळीत करा. कड अर्ध्या मिलिमीटरवर आली की डोळा बाकीची भिंतही पातळच धरतो. तळाशी शेवरोलेला लाकडी फळ्या आणि त्यांच्यामधे लोखंडी पट्ट्या आहेत. फळ्यांना एकच तपकिरी रंग देऊ नका, दोन-तीन छटा आळीपाळीने द्या. घासलेली फळी, मधेच उघडं पडलेलं लोखंड, कोपऱ्यात साठलेली माती कशी दिसते ते बघायचं तर सकाळी तुर्भ्याच्या एपीएमसीत माल उतरवणाऱ्या गाड्यांचे हौदे बघा. माती मधे कमी आणि फाळक्याच्या कोपऱ्यांत जास्त असते, मॉडेलवर पुष्कळ जण नेमकं उलट करतात.

क्रोमचे पार्ट कामाच्या ट्रकला फार चकचकीत वाटतात. कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवले की वरचा धातूचा थर निघून जातो, खाली पिवळसर लॅकर राहतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये अ‍ॅसिडचं क्लीनर कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पेंटच्या दुकानातलं एनसी थिनर पार्ट धुवायला वापरू नका. ते पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लॅस्टिक, खातं, बारीक नक्षी मऊ होऊन बसते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे लॅकर पांढरट पडतो. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. घोडबंदरला खाडीकडची खिडकी उघडी ठेवून पावसाळ्यात चकाकीचा शेवटचा हात मारणं म्हणजे तो हात पुन्हा मारणं. एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत पातळ हात द्या, थिनरमध्ये थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला, किंवा तो हात ऑक्टोबरवर ढकला. तोवर जुळणी, घासकाम आणि प्रायमर होतात. जुन्या किटचे मऊ व्हिनाइलचे टायर प्लॅस्टिकला चिकटून राहिले तर रिम वितळवतात, उकाड्यात लवकर. म्हणून खोकं उघडल्याबरोबर टायर वेगळ्या पिशवीत टाका, आणि बसवण्याआधी रिमवर रंगाचा किंवा फॉइलचा थर येऊ द्या.

शेवटी, मुंबईचा ट्रक करायचा असेल त्यांच्यासाठी. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीला १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ ला बंद झाला, तेव्हा इथल्या रस्त्यावरच्या त्या काळच्या शेवरोलेला जागा देणं अगदी योग्य आहे. पण अमेरिकन किट्स डाव्या स्टिअरिंगची. नुसतं चाक उजवीकडे चिकटवून भागत नाही: मीटर आणि डॅशबोर्डचा सामानाचा कप्पा यांची अदलाबदल, तिन्ही पेडल, चासीवरचा स्टिअरिंग बॉक्स, सगळं पलीकडे जातं. डॅशबोर्ड मधोमध कापून दोन तुकडे उलटे लावू नका, वक्र जुळत नाही. मीटरचा गोल आणि कप्प्याचं झाकण तेवढं काढून जागा बदला आणि उरलेली भोकं पुट्टीने भरा. या सहा सिलिंडर इंजिनाचा मॅनिफोल्ड (हवा-धुराच्या नळ्या) डाव्या अंगाला आहे आणि डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) उजव्या, त्यामुळे स्टिअरिंगची नळी उजवीकडून उतरवताना ती डिस्ट्रिब्युटरला अडत नाही ना, ते इंजिन चिकटवण्याआधी कोरड्या, म्हणजे गोंद न लावता केलेल्या, जुळणीत बघून घ्या.