बरोबर ३२ सेकंदांनी तुटणारा फोन

आईचा लँडलाइन इंटरनेटवर आणला त्याला चार महिने झाले. जोडणी अर्ध्या तासात उरकली. राउटरला एक छोटा अडॅप्टर लावला आणि त्यात आईचा जुना, मोठ्या बटणांचा फोन. नंबरही तोच राहिला. (पोर्टिंग झाल्याचा मेसेज येईपर्यंत जुनी लाइन बंद करायला सांगू नका, नंबर हातचा जाईल.)

पुढचं आठवलं की अजून डोकं तापतं. आईने लावलेला फोन नीट चालायचा. ताईचा फोन आला की मात्र आई "बोल गं" म्हणायची, चार वाक्यं व्हायची आणि फोन तुटायचा. आपल्याच हातून काहीतरी दाबलं जातंय असं तिला वाटायला लागलं. ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, जराही न हलता बोलायची. ते बघवत नव्हतं.

नऊ दिवसांत कस्टमर केअरला सहा फोन केले. दरवेळी तेच, "सर, राउटर बंद करून चालू करा", नाहीतर "तुमचं नेट स्लो असेल". अहो, एका कॉलला जाताना किंवा येताना, एका बाजूला १०० केबीपीएस (सेकंदाला १०० किलोबिट) इतका वेगसुद्धा लागत नाही! शेवटी घड्याळ घेऊन बसलो आणि ताईला पुन्हापुन्हा फोन करायला लावला. अकरा कॉल वहीत टिपले. अकराही ३२ सेकंदांना तुटलेले. नेट खराब असेल तर कॉल कधीही तुटेल, रोज त्याच सेकंदाला कसा तुटेल? हा आकडा सांगितल्यावर कुठे माझा फोन वरच्या तंत्रज्ञाकडे गेला. त्याने एकच विचारलं, "राउटरमध्ये सिप एएलजी चालू आहे का?"

चालू होतं. ही राउटरमधलीच इंटरनेट कॉलसाठीची एक सोय, पण कॉल जोडणाऱ्या संदेशांतले पत्ते ती परस्पर बदलते. आईने फोन उचलल्याचं पलीकडे कळत होतं, पण त्याची पोच अडॅप्टरपर्यंत येत नव्हती. तो ३२ सेकंद वाट बघायचा आणि कॉल सोडून द्यायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यापुढची एक टिक काढली, राउटर रीस्टार्ट केला, प्रश्न संपला. नऊ दिवस या एका टिकसाठी गेले. तुम्ही पहिल्याच दिवशी ती बघा.

आता आवाजात खरखर नाही, आणि आईचा नंबर माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्येही वाजतो. उणीव खरी एकच, वीज गेली की फोन मुका. जुन्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची, इथे तसं नाही. म्हणून राउटर आणि अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर घ्या, नुसता राउटर घेऊन भागत नाही. अडीअडचणीला आईजवळ चार्ज केलेला मोबाइल ठेवलाच आहे. आणि हो, घरात कुणी मोठे व्हिडिओ अपलोड करत असेल तर आपला आवाज पलीकडे तुटक जातो, ते काम रात्रीवर टाका.

परवा ताईचा फोन सव्वा तास चालला. आई रिसीव्हर खांद्याला लावून कपड्यांच्या घड्या घालत होती.