साडेआठ की साडेनऊ

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा ते खंबाटकीचा बोगदा उतरून खंडाळ्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गाडी लावून उभे होते. साताऱ्याहून पुण्याकडे येताना बोगद्यातून बाहेर पडलं की उतार लागतो आणि पुढे ते एस आकाराचं वळण. त्या वळणानं काय काय पाहिलंय ते रोज ये-जा करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

"मागची बाजू डुलली हो," डॉक्टर म्हणाले. "स्टिअरिंग वळवलं, गाडीचं नाक वळलं, आणि मागचं अंग मागाहून आलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला. सत्तरचाच स्पीड होता."

मी त्यांना चारही टायर नीट बघायला सांगितले. हवा कुठल्याच चाकाची गेलेली नव्हती. मग म्हटलं, डाव्या लेननं, साठच्या वर न जाता, थेट माझ्याकडे या. कात्रजला आमचं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे. काकांनी टाकलेलं, गेली सोळा वर्षं मी बघतो.

गाडी बीएमडब्ल्यूची झेड-४. पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जातं, ती. २०१४ चं मॉडेल, तीन लिटरचं इंजिन, ३०६ पीएस (अश्वशक्ती), आणि ती सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर. डॉक्टर दातांचे. सेकंडहँड घेतलेली गाडी त्यांनी इतकी जपली आहे की सीटच्या शिवणीसुद्धा नव्यासारख्या आहेत. दर पावसाळ्याआधी अलाइनमेंटला येतात. या वेळी आले नव्हते, कारण मागचे टायर त्यांनी दुसरीकडून बदलून घेतले होते.

गाडी दुकानासमोर लागली. मी मागे जाऊन उकिडवा बसलो आणि निम्मं दुखणं तिथंच कळलं. टायरला पोट सुटलं होतं. रिमला शोभणारा टायर असेल तर त्याची बाजू रिमच्या कडेपासून जवळजवळ सरळ खाली येते, भिंतीसारखी. इथे दोन्ही बाजू रिमपाशी आत ओढलेल्या आणि मध्ये फुगलेल्या, तोंड करकचून बांधलेल्या पोत्यासारख्या. साइडवॉलवरचा आकडा वाचला. २७५/३५ आर १८, म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ३५ टक्के, रिम १८ इंची. या गाडीला या रिमवर कंपनीकडून पुढे २२५/४० आर १८ येतात आणि मागे २५५/३५ आर १८.

"मुद्दाम रुंद टाकले का?"

"थोडं मुद्दाम, थोडं नाइलाजानं," डॉक्टर म्हणाले. जुने रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर, गोटा झाले होते. २५५ त्यांनी महिनाभर शोधले. २०२० च्या जूनमध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून असल्या मापांच्या मागे किती फिरावं लागतं ते मला चांगलं ठाऊक आहे. स्विफ्टचा टायर गल्लीत मिळतो, हा नाही मिळत. अशात एका दुकानात २७५ ची नवी जोडी निघाली. जास्त रुंद म्हणजे जास्त पकड, आणि ३०६ पीएसच्या गाडीला मागून पकड कुणाला नको असते? तरी डॉक्टर डोळे झाकून घेणारे नाहीत. त्यांनी सुटं चाक उभं करून टेपनं रिम मोजली होती. साडेनऊ इंच भरली. टायर कंपनीच्या तक्त्यात २७५/३५ समोर साडेनऊचीच रिम लिहिलेली. त्यांनी मला फोनमधला फोटो दाखवला. तक्ता खरा होता.

मला वाईट वाटलं ते याचंच. अभ्यास न करता आलेल्या माणसाला समजावणं सोपं असतं.

आधी मी खडू घेतला. ही काकांची रीत. टायरच्या नक्षीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जाड आडवी रेघ मारायची, गाडी कोरड्या फरशीवर सरळ दहा-बारा फूट पुढे न्यायची आणि खडू कुठे पुसला ते बघायचं. बाहेर पाऊस होता म्हणून चाकं फडक्यानं कोरडी केली, पोऱ्यानं फरशी पुसली. चारही चाकांवर रेघा मारल्या आणि गाडी ढकलली.

पुढच्या २२५ वरची रेघ कडेपासून कडेपर्यंत पुसली गेली होती. मागच्या २७५ वर मध्ये स्वच्छ काळं रबर, आणि दोन्ही खांद्यांवर दोन-दोन बोटं खडू जसाच्या तसा.

डॉक्टर बराच वेळ त्या पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मग हात लावून बघितला, खडू बोटाला आला.

हवा तपासली तर ४० पीएसआय. बसवणाऱ्यानं टायर टणक वाटावा म्हणून गाडीच्या दारावरच्या हवेच्या स्टिकरवर असतो त्या आकड्यापेक्षा जास्त भरून दिली होती. मी ती स्टिकरवर आणली आणि पुन्हा रेघ मारली. आता एकेक बोट राहिलं. पण मग पोऱ्याला मागच्या मडगार्डला मांडी लावून गाडी आडवी हलवायला सांगितली, तर पोट सुटलेली बाजू जेलीसारखी लवत होती. हवा जास्त ठेवली तर टायर मधल्या पट्टीवर धावतो, कमी केली तर वळणावर आडवा पडतो. या टायरला या रिमवर बरोबर हवा अशी नव्हतीच.

खंबाटकीला काय झालं ते आता सांगता येत होतं. पुढचे टायर रनफ्लॅट, जाड ताठ बाजूंचे. स्टिअरिंग फिरताच वळणारे. मागचे साधे, त्यात आत ओढलेले. वळणाचा दाब आला की त्यांची बाजू आधी लवायची, लवून संपली की मग पकड सुरू व्हायची. मधल्या त्या क्षणात गाडीचं नाक एक सांगत होतं आणि शेपूट दुसरं. पिवळा दिवा लागला तो गाडीनं स्वतःला सावरलं म्हणून.

"पण साडेनऊ इंच," डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः मोजलं."

मी एक चाक मशीनवर घेतलं आणि टायर उतरवला. मग व्हर्नियर त्यांच्या हातात दिला. रिमच्या बाहेरच्या ओठापासून बाहेरच्या ओठापर्यंत धरला की २४१ मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ इंच. डॉक्टरांचं मोजमाप अगदी बरोबर होतं. फक्त रिमची रुंदी तिथे मोजत नाहीत. ओठाच्या आतल्या उभ्या भिंतीला जिथे टायरचा बीड, म्हणजे रिमला धरणारी कडा, टेकतो, त्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजायचं. मी व्हर्नियरचे जबडे आत वळवून दिले. डॉक्टरांनीच वाचलं. २१६. साडेआठ इंच. मग चाक पालथं करून आऱ्याच्या मागची धूळ अंगठ्यानं पुसली. तिथे ओतीव अक्षरांत १८ च्या शेजारी साडेआठ आणि जे (ओठाच्या आकाराची खूण) उमटलेलं होतं. कंपनीनं ते पहिल्या दिवसापासून तिथे लिहून ठेवलेलं, पण चाक पालथं केल्याशिवाय दिसत नाही.

डॉक्टर खुर्चीवर बसले. "एक इंच," एवढंच म्हणाले.

त्या एका इंचाची किंमत मी त्यांना वहीत मांडून दाखवली. टायर-रिमची मापं ठरवणाऱ्या संस्थांचं, भारतात आयटॅकचं आणि युरोपात ईटीआरटीओचं, पुस्तक असतं, त्यात प्रत्येक मापासमोर कोणत्या रुंदीच्या रिम चालतात ते दिलेलं असतं. २५५/३५ ला साडेआठ ते दहा. २७५/३५ ला नऊ ते अकरा. म्हणजे कंपनीनं २५५ आधीच शेवटच्या पायरीवर बसवला होता. त्याच्या खाली पायरी नाही. मधला २६५/३५ सुद्धा नऊपासून सुरू होतो. शिवाय टायरवरची रुंदी ही ठरावीक रिमवर बसवून मोजलेली असते. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर साधारण ५ मिलिमीटर आखडतो. पुस्तकातला २७५ साडेनऊच्या रिमवर २७८ भरतो. साडेआठवर तो २६८ च्या आसपास येतो. २५५ याच रिमवर २५५ भरतो. वीस मिलिमीटर विकत घेतले, हातात आले तेरा, आणि तेही पोटात, रस्त्यावर नाही.

उंचीचंही होतंच. २५५/३५ चा व्यास ६३५.७ मिलिमीटर, पुढच्या २२५/४० चा ६३७.२. दीड मिलिमीटरचा फरक, म्हणजे चारही चाकं जवळपास एकसारखी फिरतात. २७५/३५ झाला ६४९.७. गाडीचा कॉम्प्युटर चारही चाकांचा वेग क्षणाक्षणाला ताडून बघतो आणि घसरण कुठे होतेय ते ठरवतो. त्याला मागची चाकं कायम पुढच्यांपेक्षा दोन टक्क्यांनी हळू फिरताना दिसत होती, आणि त्याच आकड्यांवर त्यानं वळणावर गाडी सांभाळायची.

मी रुंद टायरच्या विरोधात नाही. कुणी जुन्या स्विफ्टचा १६५/८० आर १४ काढून १८५/७० मागितला तर मी आनंदानं बसवतो, कारण पाचच्या रिमवर तो पुस्तकात बसतो आणि पावसात ब्रेक मारताना फरक कळतो. पण गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न "किती जाड बसेल?" असा येतो तेव्हा मला राग नाही, काळजी वाटते. बसायला काहीही बसतं. अरुंद रिमवर रुंद टायर तर जास्तच सहज बसतो, कॉम्प्रेसरची हवा लागली की पटकन धरतो. आवाज नाही, कुरकुर नाही. बसवणाऱ्यालाही वाटतं काम झालं. हवा कमी असताना जोराच्या वळणावर बीड भिंतीवरून आत सरकतो तेव्हा तो बसवणारा तिथे नसतो.

उतरवलेल्या टायरचा बीड मी दिव्याखाली धरला. बाराशे किलोमीटरच झाले होते, तरी ओठाच्या कडेशी रबर घासून बारीक चकाकती रेघ पडली होती. मडगार्डच्या आतल्या लायनिंगलाही एका जागी चाटल्याची खूण होती. डॉक्टरांनी ती रेघ नखानं चाचपली. त्यांच्या धंद्यात अशी झीज रोज बघायला मिळत असणार.

रुंद डिस्क, म्हणजे रिम, घेऊन हेच टायर वापरता येतील का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. साडेनऊची डिस्क घेतली तरी उंचीचा फरक जात नाही, आणि आत-बाहेर किती जागा उरते ते नव्यानं बघावं लागतं. या गाडीला २५५ शोभतात. ते मिळवायचे, एवढंच काम आहे.

संध्याकाळी सातपर्यंत मी फोन करत होतो. शेवटी मुंबईच्या एका डीलरकडे २५५/३५ आर १८ ची रनफ्लॅट जोडी निघाली. तारखेचा शिक्का फोटोत मागवून वाचला, मगच पैसे पाठवले. चार दिवस लागणार होते. गाडी दुकानात ठेवून डॉक्टर स्वारगेटहून एसटीनं साताऱ्याला गेले. त्या टायरवर गाडी परत न्या असं मी म्हणूच शकलो नसतो, आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

टायर आले त्या दिवशी डॉक्टर सकाळी नऊलाच हजर. रनफ्लॅट बसवणं घाईचं काम नाही. टायर आधी उन्हात ठेवून मऊ करायचा, बीडला साबण नीट लावायचा, मशीनचा जोडहात वापरायचा, नाहीतर ताठ बाजू चिरते. दोन्ही चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट घेतलं. खाली उतरवल्यावर डॉक्टरांनी खडू मागितला. रेघ त्यांनीच मारली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. गाडी पुढे गेली. रेघ सगळी पुसली.

२७५ ची जोडी माझ्याकडे पडून होती. ज्यानं ती बसवली त्याचा नंबर मी डॉक्टरांकडून घेतला आणि रात्री दुकान बंद करताना फोन केला. भांडायला नव्हे. तरुण पोरगा होता, वर्षभरापूर्वी दुकान काढलेला. आधी त्याला वाटलं मी पैशासाठी फोन केलाय. काय झालं ते सगळं सांगितलं तेव्हा गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, रिमवर लिहिलेलं असतं हे मला माहीत होतं. पण गिऱ्हाइकानं स्वतः मोजून आणलं, म्हणून मी बघितलंच नाही." मी त्याला तक्त्याचे फोटो पाठवले, आणि व्हर्नियर कुठे धरायचा त्याचाही एक.

त्यानं जोडी परत घेतली, डॉक्टरांना पैसे दिले. तीन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. कुठल्यातरी गाडीच्या डिस्कचा फोटो, पट्टी ओठाच्या आत भिंतीपासून भिंतीपर्यंत धरलेली. खाली लिहिलं होतं, "दादा, १६५ येतंय. साडेसहा जे ना?"

मी लिहिलं, "हो. साडेसहा."